परवडणारे घर : व्हिएन्ना महानगराचा शंभर वर्षांचा हिशेब

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. घर उभारणे ही आयुष्यातील मोठी कसोटी आहे आणि ती ज्याची त्याने स्वतःच्या बळावर पार पाडावयाची, हे या म्हणीने गृहीतच धरलेले आहे. गृहकर्जाच्या टेबलासमोर बसणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला या कसोटीचा प्रत्यय येतो. मासिक उत्पन्न, हप्ता, मुदत आणि तारण या चार खांबांवर त्याचे घर उभे राहते. परंतु ज्यांचे उत्पन्न या चार खांबांचा भार पेलू शकत नाही, त्यांनी शहरात राहावे कोठे? परिचारिका, बसचालक, शिक्षिका, सफाई कामगार यांच्यावाचून कोणतेही महानगर एक दिवसही चालत नाही. आणि नेमक्या त्यांनाच त्या महानगरात घर परवडत नाही, हा आजच्या नागरी जीवनातील मोठा अंतर्विरोध आहे.

हा प्रश्न केवळ व्यक्तीचा नसून शहराचाही आहे, असे मानून जगातील काही महानगरांनी त्यावर काम केले. त्यांत ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिचे उदाहरण सर्वांत दीर्घ आणि अभ्यसनीय आहे. शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेले हे काम युद्धे, सत्तांतरे व आर्थिक अरिष्टे पचवून आजही चालू आहे. आज या शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे असून साधारण चारांपैकी एक रहिवासी त्यांत राहतो. मर्यादित नफ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या गृहनिर्माण संस्थांची घरे यांत मिळविली, तर शहरातील सुमारे निम्मी लोकसंख्या परवडणाऱ्या भाड्याच्या घरांत राहते. हे कसे साधले, त्यासाठी पैसा कोठून आला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वैभवशाली शहर, रोगट घरे

पहिल्या महायुद्धापूर्वी व्हिएन्ना ही एका विशाल साम्राज्याची राजधानी होती. १९१० मध्ये तिची लोकसंख्या २० लाखांवर गेली होती. राजवाडे, संगीतगृहे व रुंद राजमार्ग यांनी ती नटलेली होती. तथापि कामगारवस्त्यांचे चित्र अगदी निराळे होते. एक स्वयंपाकघर आणि एक खोली एवढ्यात संपूर्ण कुटुंब राही. पाण्याचा नळ आणि शौचालय बाहेरच्या सामाईक बोळात असे. एवढे करूनही भाडे भागत नसे, म्हणून अनेक कुटुंबे घरातील एखादा पलंग परक्या माणसाला काही तासांपुरता भाड्याने देत. रात्रपाळीचा कामगार दिवसा त्या पलंगावर झोपे व दिवसपाळीचा रात्री. क्षयरोग इतका बोकाळला होता की त्याला ‘व्हिएन्नाचा रोग’ असेच नाव पडले होते.

युद्धकाळात, १९१७ साली, सरकारने भाडेवाढीवर आणि भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर निर्बंध घातले. सैनिक आघाडीवर असताना त्यांची कुटुंबे रस्त्यावर येऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता. युद्ध संपल्यावर प्रचंड चलनवाढ झाली आणि गोठविलेले भाडे नाममात्र उरले. राहत्या भाडेकरूला दिलासा मिळाला खरा. परंतु भाड्यातून काहीच सुटत नसल्याने खाजगी घरमालकांनी नवी घरे बांधणेच बंद केले. येथेच पहिला धडा दिसतो. भाडेनियंत्रणामुळे असलेले घर जपले जाते, नवे घर मात्र निर्माण होत नाही. जपणूक आणि वाढ ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि त्यांपैकी एकच केले तर तेही अखेर निष्फळ ठरते.

बँकेतून आलेला अर्थप्रमुख

मे १९१९ मध्ये सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांच्या मतदानाने व्हिएन्ना नगरपरिषदेची निवडणूक झाली आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. याकोब रॉयमान महापौर झाले. शहराच्या अर्थखात्याची सूत्रे ह्यूगो ब्राइटनर यांच्याकडे आली. ब्राइटनर हे पेशाने बँकर होते. लेंडरबँक या मोठ्या बँकेत ते संचालकपदापर्यंत पोहोचले होते. १९३२ पर्यंत त्यांनी शहराचे अर्थकारण सांभाळले. गरिबांच्या घरांची योजना आखण्यात ताळेबंद वाचणाऱ्या माणसाचा एवढा मोठा वाटा असावा, ही बँकिंग क्षेत्रातील वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी बाब आहे.

१ जानेवारी १९२२ रोजी व्हिएन्ना हे शहर लोअर ऑस्ट्रिया प्रांतापासून विभक्त होऊन स्वतंत्र प्रांत बनले. त्यामुळे शहराला प्रांताचे करविषयक अधिकार प्राप्त झाले. त्या अधिकारांवाचून पुढचे काहीच घडले नसते. ब्राइटनर यांनी मोटारगाड्या, शर्यतीचे घोडे, एकाहून अधिक घरगुती नोकर, करमणूक आणि चैनीची उपाहारगृहे यांवर कर बसविले. १९२३ मध्ये त्यांनी खास ‘घरबांधणी कर’ लागू केला. तो प्रत्येक घर-दुकानावर होता, परंतु त्याचा दर मालमत्तेच्या मूल्यानुसार चढत जाई. कामगाराच्या खोलीवरील कर किरकोळ होता, तर आलिशान निवासाला व मोठ्या व्यापारी जागेला तो चांगलाच जाणवे. सर्वांत महाग अशा अवघ्या अर्ध्या टक्का मालमत्तांकडून या कराच्या एकूण उत्पन्नापैकी ४० टक्क्यांहून अधिक रक्कम येत असे.

कराचे उत्पन्न घरबांधणीसाठीच राखून ठेवलेले होते. नव्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर ठळक लाल अक्षरांत, ही वास्तू नगरपालिकेने अमुक वर्षी घरबांधणी कराच्या रकमेतून उभारली, असे कोरले जाई. करदात्याला आपला पैसा कोठे गेला हे रस्त्यावरून चालताना वाचता येत होते. हिशेबाचे इतके उघड सादरीकरण आजच्या वार्षिक अहवालांनाही क्वचितच साधते.

सप्टेंबर १९२३ मध्ये नगरपरिषदेने पाच वर्षांत २५ हजार घरे बांधण्याचा ठराव केला. ते उद्दिष्ट मुदतीपूर्वीच पूर्ण झाले. १९२७ मध्ये आणखी ३० हजार घरांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरे उभी राहिली. प्रत्येक घरात पाण्याचा नळ व स्वतंत्र शौचालय होते, स्वयंपाकघरात व खोल्यांत थेट उजेड येत होता. आरंभीची घरे ३८ आणि ४८ चौरस मीटरची, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ४१० आणि ५१५ चौरस फुटांची होती. वाटप गरजेनुसार गुण देऊन केले जाई.

या काळातील सर्वांत प्रसिद्ध वसाहत म्हणजे १९३० मध्ये पूर्ण झालेली कार्ल मार्क्स होफ. वास्तुविशारद कार्ल एन यांनी आखलेली ही इमारत एक किलोमीटरहून लांब आहे. तीत १,३८२ घरे होती. परंतु एकूण भूखंडाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेवर बांधकाम करून उरलेली जागा अंगण, झाडे व खेळासाठी मोकळी सोडण्यात आली. धुलाईगृहे, स्नानगृहे, बालवाडी, दवाखाना व वाचनालय या सोयी वसाहतीतच होत्या. लहान घराची उणीव सामाईक सोयींनी भरून काढण्याचा हा विचार होता.

कर्ज की कर? व्याजाचे गणित

ब्राइटनर यांचा सर्वांत धाडसी निर्णय असा, की ही घरे मुख्यतः कर्ज न काढता चालू करउत्पन्नातून बांधावयाची. भाड्यातून बांधकामखर्च वसूल करावयाचा नाही. केवळ देखभाल व चालू खर्च भागला म्हणजे पुरे. परिणामी भाडे कामगाराच्या वेतनाच्या साधारण ४ टक्क्यांवर आले. हा निर्णय किती मूलगामी होता, हे समजण्यासाठी एक साधे काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, एक घर बांधण्यास १० लाख रुपये लागतात आणि ती सर्व रक्कम ३० वर्षांच्या कर्जातून उभी केली. व्याजदर ८ टक्के असल्यास मासिक हप्ता सुमारे ७,३३८ रुपये येतो. तीस वर्षांत एकूण परतफेड सुमारे २६ लाख ४२ हजार रुपये होते. म्हणजे घराची किंमत १० लाख आणि व्याज १६ लाखांहून अधिक. हाच व्याजदर १ टक्का असेल तर हप्ता सुमारे ३,२१६ रुपये आणि एकूण परतफेड सुमारे ११ लाख ५८ हजार रुपये होते. विटा, सिमेंट, लोखंड व मजुरी यांत एका पैशाचीही काटकसर न करता घराचा मासिक भार निम्म्याहून खाली येतो. आणि व्याज व मुद्दल दोन्ही भाड्यातून वगळली, तर उरतो तो केवळ देखभालीचा खर्च.

यावरून दुसरा धडा स्पष्ट होतो. भाड्याच्या घराची किंमत ठरविताना बांधकामापेक्षाही भांडवलाची किंमत आणि जमिनीची किंमत हे घटक अनेकदा निर्णायक ठरतात. व्हिएन्नाने या दोन्ही घटकांना हात घातला. भाडेनियंत्रणामुळे व करांमुळे जमिनीचे भाव उतरले होते. त्या वेळी शहरानेच मोठ्या प्रमाणावर जमिनी विकत घेऊन ठेवल्या.

अर्थात ही पद्धत निर्विवाद नव्हती. कर भरणारा वर्ग संतप्त होता. ब्राइटनर यांच्यावर वैयक्तिक स्वरूपाची जहाल टीका झाली. केवळ करातून बांधल्यामुळे आजच्या करदात्याने उद्याच्या भाडेकरूचे घर बांधावे लागते, हा आक्षेपही अर्थशास्त्राच्या दृष्टीने अगदीच पोकळ नव्हता.

पडझड आणि पुनर्बांधणी

फेब्रुवारी १९३४ मध्ये ऑस्ट्रियात यादवी उसळली. सरकारी सैन्याने कार्ल मार्क्स होफवर तोफा डागल्या. शहराची निर्वाचित सत्ता बरखास्त झाली आणि महापौर कार्ल झाइट्स यांना अटक झाली. ब्राइटनर यांना १९३८ मध्ये देश सोडावा लागला व १९४६ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. १९३८ मध्ये नाझी राजवट येताच नगरपालिकेच्या घरांतून ज्यू भाडेकरूंना निर्दयपणे बाहेर काढण्यात आले. घरमालक शहर असले म्हणजे न्याय आपोआप होतो असे नाही, याची ही विदारक साक्ष आहे. घराची सुरक्षितता अखेर कायद्याच्या राज्यावरच उभी असते.

दुसऱ्या महायुद्धात शहरातील ८० हजारांहून अधिक घरे नष्ट अथवा निकामी झाली. युद्धोत्तर काळात नगरपालिकेने पुन्हा बांधकाम हाती घेतले. मात्र आता पैशाचा मार्ग बदलला. केवळ शहराच्या करांवर न विसंबता देशभर गृहनिर्माण साहाय्याची व्यवस्था उभी राहिली आणि कालांतराने, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, तिची अंमलबजावणी प्रांतांकडे सोपविण्यात आली. व्हिएन्ना हे शहरही आहे आणि प्रांतही. त्यामुळे निधी, नियम व नियोजन या तिन्ही गोष्टी एकाच सभागृहाच्या अखत्यारीत आल्या.

आजची यंत्रणा : पैसा, जमीन, स्पर्धा

आजच्या व्यवस्थेचा पहिला आधार म्हणजे नियमित निधी. नोकरदार व मालक यांच्याकडून वेतनाच्या प्रमाणात गृहनिर्माण अंशदान घेतले जाते. दीर्घकाळ ते वेतनाच्या १ टक्का, म्हणजे निम्मे नोकरदाराचे व निम्मे मालकाचे, असे होते. २०१८ पासून त्याचा दर ठरविण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. या व इतर सार्वजनिक रकमांतून शहर दीर्घ मुदतीची, अल्प व्याजाची कर्जे गृहनिर्माण संस्थांना देते. जुन्या कर्जांची परतफेड आली की तीच रक्कम नव्या घरांसाठी वापरता येते. एकदा भरलेली विहीर उपशाबरोबर झऱ्यानेही भरत राहावी, तशी ही रचना आहे.

दुसरा आधार म्हणजे जमीन. १९८४ मध्ये शहराने भूखंडसंपादन व नगर-नूतनीकरण यांसाठी स्वतंत्र निधीसंस्था स्थापन केली. ही संस्था भविष्यात वस्ती होऊ शकेल अशा जमिनी आधीच खरेदी करून ठेवते आणि योग्य वेळी परवडणाऱ्या घरांसाठी मर्यादित दराने देते. भाव वाढल्यावर जमिनीमागे धावण्यापेक्षा भाव वाढण्यापूर्वी ती हाती असणे, हे या धोरणाचे सार आहे.

तिसरा आधार म्हणजे स्पर्धा. १९९५ पासून मोठ्या भूखंडांसाठी गृहनिर्माण संस्थांमध्ये स्पर्धा घेतली जाते. प्रचलित निविदेत सर्वाधिक बोली लावणारा जिंकतो; येथे मात्र जमिनीची किंमत आधीच ठरलेली असते. तज्ज्ञांचे मंडळ वास्तुरचना, खर्च व पर्यावरण या निकषांवर प्रस्ताव पारखते. २००९ मध्ये त्यांत सामाजिक टिकाऊपणा हा चौथा निकष जोडण्यात आला. म्हणजे शेजार कसा घडेल, वृद्ध व मुले यांना वावर सोयीचा होईल का, हेही गुणांकनात येऊ लागले. स्पर्धा भावावर न होता गुणवत्तेवर होते, हा यातील महत्त्वाचा फरक होय.

या तिन्ही आधारांचा मेळ कसा बसतो हे पाहण्यासाठी शहराच्या ईशान्य भागातील आस्पर्न या जुन्या विमानतळाच्या जागेवरील ‘झेश्टाट’ या नव्या उपनगराकडे पाहावे. सुमारे २४० हेक्टर क्षेत्रावर ते टप्प्याटप्प्याने आकारास येत आहे. तेथे भुयारी रेल्वेचा मार्ग ऑक्टोबर २०१३ मध्ये पोहोचला. पहिले रहिवासी राहावयास आले ते २०१४ मध्ये. आधी रेल्वे आणि मग माणसे हा क्रम सहज सुचणारा वाटतो. परंतु घर स्वस्त आणि प्रवास महाग अशी स्थिती ज्यांनी भोगली आहे, त्यांना त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

भाडेकरूलाही काही रक्कम प्रारंभी भरावी लागते. साहाय्यित घरासाठी बांधकामखर्चातील ठरावीक हिस्सा तो ठेवीसारखा देतो. घर सोडताना दरसाल १ टक्का वजा करून ही रक्कम परत मिळते. ज्यांच्याजवळ एवढी पुंजी नसते, त्यांना उत्पन्नाच्या अटीवर शहराकडून अल्प व्याजाचे कर्ज मिळू शकते.

जपणे : तितकेच मोठे काम

नवे घर बांधले की छायाचित्र निघते, उद्घाटन होते. जुने घर जपण्याचे काम मात्र निमूटपणे चालते. व्हिएन्नाचे यश या दुसऱ्या कामात अधिक आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मर्यादित नफ्याच्या गृहनिर्माण संस्थांचा १९७९ चा कायदा हे जपणुकीचे प्रमुख साधन आहे. या संस्थांना भाडे खर्चाच्या आधारे ठरवावे लागते. मिळणारा नफा मर्यादित असतो व तो पुन्हा गृहनिर्माणातच गुंतवावा लागतो. बांधकामाचे कर्ज फिटले की भाडे कायद्याने ठरविलेल्या मूळ पातळीवर उतरते. सामान्य बाजारात इमारतीचे कर्ज फिटले तरी भाडे चढतच राहते आणि लाभ मालकाच्या पदरात पडतो. येथे तो लाभ पुढच्या भाडेकरूपर्यंत पोहोचतो.

दुसरे साधन म्हणजे ‘सौम्य नूतनीकरण’. १९७० च्या दशकात जुन्या वस्त्या पाडून मोकळ्या करण्याची कल्पना अनेक शहरांत लोकप्रिय होती. व्हिएन्नाने १९७४ पासून वस्तीनिहाय साहाय्य-कार्यालये सुरू केली. रहिवाशांना हुसकावून न लावता, ते राहत असतानाच, सार्वजनिक साहाय्याने घरांत शौचालय, स्नानगृह व तापनाची सोय करण्यावर भर दिला गेला. या कार्याचा गौरव संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक संस्थेने २०१० मध्ये केला.

तिसरे साधन नियमावलीचे आहे. २०१८ मध्ये इमारत नियमांत बदल करून १९४५ पूर्वीची इमारत पाडण्याआधी ती जतन करण्यात सार्वजनिक हित नाही असा शहराचा दाखला घेणे आवश्यक करण्यात आले. जुन्या इमारतींतील नियंत्रित भाड्याची घरे पाडून महागडी घरे उभारण्याच्या प्रवृत्तीला त्यामुळे आळा बसला. त्याच वर्षी संमत झालेल्या व २०१९ पासून लागू झालेल्या दुसऱ्या तरतुदीनुसार, नव्याने निवासी म्हणून घोषित होणाऱ्या मोठ्या भूखंडांवर सर्वसाधारणपणे दोन-तृतीयांश निवासी चटई क्षेत्र साहाय्यित घरांसाठी राखावे लागते. अशा क्षेत्रासाठी जमिनीची किंमत प्रति चौरस मीटर चटई क्षेत्रास १८८ युरो या मर्यादेत ठरविण्यात आली. शहराने जमिनीचा वापर बदलल्याने तिचे मूल्य वाढते. त्या वाढीतील काही वाटा समाजाकडे परत यावा, हा या नियमामागील विचार आहे.

विकलेले घर

जपणुकीचे महत्त्व जेथे जपणूक झाली नाही तेथे अधिक स्पष्ट दिसते. व्हिएन्नाप्रमाणेच बर्लिन शहराकडेही सार्वजनिक घरांचा मोठा साठा होता. तिजोरीवरील कर्जाचा बोजा वाढल्यामुळे बर्लिनने २००४ मध्ये आपली एक गृहनिर्माण कंपनी खाजगी गुंतवणूकदारांना विकली. तिच्याकडे सुमारे ६५ हजार घरे होती. शहराला ४० कोटी ५० लाख युरो मिळाले आणि कंपनीची कर्जे खरेदीदाराकडे गेली. पुढील काळात बर्लिनमधील भाडी झपाट्याने वाढली. २०२१ मध्ये याच शहराने सुमारे १४,७५० घरे खाजगी कंपन्यांकडून विकत घेण्याचा करार केला. त्यासाठी सुमारे २४० कोटी युरो मोजावे लागले. दोन्ही व्यवहारांतील घरे तंतोतंत तीच नव्हती आणि दरम्यान काळही लोटला होता, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की, अडचणीच्या वर्षी विकलेली मालमत्ता गरजेच्या वर्षी त्या भावात परत मिळत नाही.

व्हिएन्नाने आपली नगरपालिकेची घरे विकली नाहीत. बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर, घर हे मुद्दल आहे व परवडणारे भाडे हे त्यावर समाजाला मिळणारे व्याज. मुद्दल मोडून एका वर्षाची तूट भरता येते, परंतु पुढील प्रत्येक वर्षी त्या व्याजास मुकावे लागते.

मर्यादांचे भान

या व्यवस्थेत दोष नाहीत असे मानणे अभ्यासाच्या दृष्टीने अयोग्य ठरेल. साहाय्यित घरासाठी अर्ज करणाऱ्याचे शहरात एकाच पत्त्यावर दोन वर्षे वास्तव्य असावे, अशी अट दीर्घकाळ आहे. त्यामुळे नव्याने येणाऱ्यांना प्रथम खाजगी बाजारातील महाग व बहुधा मुदतबंद कराराचे घर घ्यावे लागते. आतील सुरक्षित आणि बाहेरील असुरक्षित अशी भेदरेषा त्यातून निर्माण होते. युरोपीय संघाबाहेरील नागरिकांना नगरपालिकेच्या घरांचे दरवाजे व्यापक प्रमाणात खुले झाले, तेही २००६ पासून.

उत्पन्नाची अट केवळ घर मिळताना पाहिली जाते. पुढे उत्पन्न वाढले तरी घर सोडावे लागत नाही. श्रीमंत झालेल्याने स्वस्त घरात का राहावे, असा प्रश्न टीकाकार विचारतात. उलट, निरनिराळ्या उत्पन्नगटांतील माणसे एकाच जिन्याने ये-जा करतात, म्हणूनच या वसाहती गरिबांच्या एकाकी वस्त्या बनत नाहीत, असे समर्थकांचे म्हणणे आहे. उत्पन्नाची कमाल मर्यादा मुद्दाम उंच ठेवलेली असल्याने मध्यमवर्गही या व्यवस्थेचा लाभार्थी आहे आणि म्हणून तिचा पाठीराखाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

२००४ मध्ये नगरपालिकेने स्वतः घरे बांधणे थांबविले आणि ते काम मर्यादित नफ्याच्या संस्थांवर सोपविले. लोकसंख्या मात्र वाढत राहिली व २०२३ मध्ये ती पुन्हा २० लाखांपलीकडे गेली. २०१५ मध्ये नगरपालिकेने पुन्हा स्वतः बांधकाम करण्याचे जाहीर केले. बार्बरा प्रामर होफ ही १२० घरांची पहिली नवी वसाहत २०१९ मध्ये खुली झाली. मधल्या पंधरा वर्षांचा खंड भरून काढणे सोपे नाही. त्यातच २०२२ पासून युरोपात व्याजदर व बांधकामखर्च वाढले. जुन्या वसाहतींची दुरुस्ती हाही न संपणारा खर्च आहे. स्वस्त भाडे म्हणजे कोणीतरी उचललेला भार. तो भार अदृश्य राहिला तर व्यवस्था आतून पोखरली जाते.

उपसंहार

व्हिएन्नाचा इतिहास जसाच्या तसा दुसरीकडे लागू करता येणार नाही. शहर आणि प्रांत एकच असणे, शंभर वर्षे टिकलेली राजकीय इच्छाशक्ती आणि योग्य वेळी हाती आलेली जमीन, हा योग सर्वत्र जुळत नाही. तरीही काही सूत्रे सर्वत्र उपयुक्त आहेत. निधी एकदाच देऊन भागत नाही, तो दरवर्षी यावा लागतो. जमीन स्वस्त असतानाच घ्यावी लागते. भांडवलाचे व्याज कमी झाले की भाडे कमी होते. आणि बांधलेले घर परवडणाऱ्या घरांच्या साठ्यातून निसटू देता कामा नये. अन्यथा गळक्या घड्यात पाणी भरण्यासारखे ते होते.

कार्ल मार्क्स होफमध्ये आजही कुटुंबे राहतात. पहिल्या भाडेकरूंची पतवंडे आज मोठी झाली असतील. त्या इमारतीचा खर्च ज्यांनी कररूपाने उचलला, त्यांपैकी आज कोणी हयात नसेल. परंतु भिंतीवरील लाल अक्षरांतील तो हिशेब अजून वाचता येतो, आणि त्या भिंतीआडच्या खोल्यांत दररोज सायंकाळी दिवे लागतात.